वळशाचं देणं

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण आपण विसरभोळ्या माणसासाठी वापरतो. म्हणीतला वळसा म्हणजे फुकटची पायपीट. पण आमच्या पेण-रोह्याच्या भागात पावसाळा लागला की वळसा हा खुळेपणा राहत नाही, ते शहाणपण होतं. ओढ्याला पाणी चढलं की जाणता माणूस सरळ वाट सोडतो आणि वरच्या अंगाने फिरून जातो. घरी उशिरा पोचतो, पण पोचतो. सरळ वाटेचा हट्ट धरणारा कधीकधी पोचतच नाही.

रेल्वेचंही तसंच आहे. पेणहून कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला येणारे रूळ मध्य रेल्वेचे. रोह्याला त्यांची हद्द संपते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. कोलाड, इंदापूर, माणगाव, वीर, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, खेड, चिपळूण करत ती खाली गोव्यात आणि पुढे कर्नाटकात मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत जाते. बोगदे नव्वदच्या वर, लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी नाहीतर खाडी. रोहा ते वीर दुहेरी रूळ २०२१ साली झाले, पण वीरच्या पुढे घाटाघाटांतून एकेरी रूळच आहे. एकेरी रुळाचं गणित सोपं असतं. मध्ये एका जागी दरड आली की दोन्हीकडची वाट बंद. बाजूने काढून घ्यायला दुसरी वाट नाही.

मग गाड्या वळसा घेतात, आणि तो वळसा साधासुधा नाही. एरवी आपल्या पेणवरून खाली जाणारी गाडी पनवेलहूनच कर्जतकडे वळते. भोर घाट चढून लोणावळ्याला जाते, मग पुणे, सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, आणि तिथून दूधसागरचा घाट उतरून कुळे आणि मडगाव. म्हणजे एकदा सह्याद्री चढायचा, पलीकडच्या पठारावरून दक्षिणेला जायचं आणि पुन्हा तोच सह्याद्री उतरायचा. दोन्ही घाट इतके उभे, की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर चढावं लागतं. भोर घाट चढताना तर गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. आपल्याकडे चिखलात रुतलेल्या गाडीला चार गडी मागून रेटतात तसंच ते.

हे अलीकडे पुन्हा पुन्हा घडलं आहे. २०२० च्या ६ ऑगस्टला गोव्यात पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या कित्येक आठवडे पुणे-मिरज-लोंढा अशा फिरून गेल्या. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणला पुलापर्यंत चढलं, गाड्या जागोजाग थांबल्या आणि बाकीच्या फिरवल्या. २०२४ च्या जुलैत आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं, आणि ते निस्तरतंय तोवर १४ तारखेला दिवाणखवटी आणि विन्हेऱ्याच्या मध्ये बोगद्याच्या तोंडाशी दरड आली. पुन्हा तेच पनवेल, पुणे, मिरज, लोंढा.

ज्या भोर घाटाच्या भरवशावर आम्ही वळसा घेतो तोही काही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. २०१९ च्या पावसात मंकी हिलच्या खाली एका रुळाखालचा भराव गेला आणि दुरुस्तीला महिने लागले. तिथे रस्ता पोचत नाही. माणसं, सिमेंट, लोखंड, सगळं रुळावरूनच न्यावं लागतं, तेसुद्धा बाजूच्या रुळावरून गाड्या चालू ठेवून. तेवढे दिवस पुण्याच्या पलीकडून मुंबईला येणाऱ्या काही गाड्या पुण्यातच संपायच्या.

आता या सगळ्यात प्रश्न कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. वाट बंद झाली, गाडी फिरून गेली, वाट उघडली, गाडी सरळ आली. यात विचार करण्यासारखं काय आहे?

पहिली गोष्ट आधी बाजूला करतो, कारण त्यात मला शंका नाही. गाडी थांबवणं आणि फिरवणं बरोबरच आहे. २००३ च्या २२ जूनला वैभववाडीजवळ दरडीवर आदळून गाडी घसरली आणि पन्नासवर माणसं गेली. वर्षही झालं नव्हतं, तर २००४ च्या १६ जूनला आमच्याच जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांना धडकली आणि डबे पुलावरून खाली गेले. त्यानंतर या मार्गावर पावसाळ्याची गस्त, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आणि पाऊस जास्त असला की ताशी चाळीसचा वेग, हे सगळं अंगवळणी पडलं. अंधारात इरलं नाहीतर रेनकोट घालून, हातात बत्ती घेऊन रुळावरून चालणारा गस्तीवाला लाल बत्ती दाखवतो, तेव्हा गाडीतली हजार माणसं त्याला शिव्या घालतात. त्याने थांबवलं नसतं तर काय झालं असतं हे कुणाला दिसत नाही. न झालेला अपघात पेपरात छापून येत नाही. म्हणून थांबवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडणं मला कधी पटलं नाही.

दुसरी गोष्टही सांगून टाकतो. वळसा घेतला म्हणजे संकट टळलंच असंही नाही. २०२१ च्या २२ जुलैला महाडच्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीच्या वर माणसं गाडली गेली. त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, मंगळूरहून मुंबईला येणारी एक गाडी कोकणातली वाट बंद म्हणून मडगाव-लोंढा-मिरज अशी वळवली होती. दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये त्याच गाडीवर घाटातली दरड आली आणि ती रुळावरून उतरली. नशिबाने कुणाला लागलं नाही. म्हणजे एका डोंगराला भिऊन दुसऱ्या डोंगराकडे गेलो, तर तोही त्याच पावसात भिजत होता. पण म्हणून ज्याने गाडी वळवली त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. निर्णय घेताना माणसाच्या हातात जेवढं असतं तेवढ्यावरच त्याला तोलावं. नंतर काय झालं त्यावरून तोलायला लागलो तर पेरणी करणारा प्रत्येक शेतकरी दर तीन वर्षांनी मूर्ख ठरेल.

तर मग माझा प्रश्न कुठे आहे? तो आहे मधल्या माणसाचा.

मागे एका पावसाळ्यात वाट बंद होती. मी रोह्याच्या फलाटावर उभा होतो. माणगावाकडची एक बाई सकाळच्या गाडीने शिराळी आणि काकड्या घेऊन रोह्याच्या बाजारात आली होती. रिकामी पाटी घेऊन परत जायला निघाली, तर गाडी रद्द. ती गाडी पलीकडच्या अंगाला कुठेतरी अडकली होती. बाईने मला विचारलं, “दादा, मुंबईच्या लोकांच्या गाड्या फिरून जातात म्हनं. मग आमची का न्हाय फिरत?”

आजूबाजूची दोन पोरं हसली. मीही हसलो असेन. पण नंतर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण बाईने खुळ्यासारखा वाटणारा, पण अगदी नेमका प्रश्न विचारला होता. तिची गाडी फिरवताच येत नाही. ती पुणे-मिरजवरून फिरवली तर माणगाव वाटेत लागणारच नाही. ज्याला मुंबईहून मडगावला जायचं आहे त्याचं गाव वाटेच्या टोकाला आहे. वाट बदलली तरी टोक तिथेच राहतं. ज्याचं गाव वाटेवरच आहे, त्याची वाट गेली म्हणजे त्याचं सगळंच गेलं.

मग मला दिसायला लागलं, की वळसा हा नेहमी टोकाच्या माणसांसाठी असतो. वळसा टोकाला दिलेला शब्द पाळतो आणि मध्ये दिलेला शब्द मोडतो. कोलाडचा कॉलेजचा मुलगा, वीरहून धाटावच्या कारखान्यात पाळीला येणारा कामगार, रानभाजीच्या जुड्या घेऊन पनवेलला जाणाऱ्या कातकरी बाया, पेणला गणपतीच्या कारखान्यात आषाढ-श्रावणात रंगकामाला येणारी माणसं, यांच्यासाठी गाडी फिरत नाही. ती फक्त येत नाही. स्टेशनावरच्या फळ्यावर दोन शब्द वेगळे असतात आणि त्या दोन शब्दांत दोन जगं असतात. लांबच्या गाडीसमोर ‘मार्ग बदलला’ आणि आमच्या गाडीसमोर ‘रद्द’.

माझा पुतण्या नवी मुंबईत नोकरीला आहे, हिशोबात हुशार. त्याच्याशी मी हे बोललो. तो म्हणाला, “काका, एका एक्सप्रेसमध्ये हजार-बाराशे माणसं असतात. कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी मयत. त्यांना अर्ध्या वाटेत सोडायचं का? आणि तुमच्या माणसाला एसटी आहे, मोटारसायकल आहे, फार तर शेजारच्या टमटममध्ये बसेल. ज्याला दुसरा उपाय नाही त्याला आधी पोचवायचं, यात चुकीचं काय?”

त्याचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. केरळचा एखादा माणूस पनवेलला अडकला तर तो मोटारसायकलने घरी जाऊ शकत नाही, हे खरंच. आणि संख्येचा विचार रेल्वेने करायचा नाही तर कुणी करायचा? पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट न सांगता धरलेली होती. ती म्हणजे, जास्त माणसांचं भलं होत असेल आणि कुणाचा दोष नसेल, तर ज्याचं नुकसान झालं त्याने ते मुकाट सोसायचं. तिथे माझं मन अडतं. आणि ते का अडतं हे सांगायला मला आमच्या गावातली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

मी शाळेत असतानाची गोष्ट. गावाच्या खालच्या ओढ्यावर लाकडी साकव होता. एका आषाढात तो रात्रीत वाहून गेला. शाळेला, बाजाराला, एसटीच्या थांब्याला जायची वाट तीच. मग लोकांनी वरच्या अंगाने वाट काढली, जिथे ओढा उथळ होता. ती वाट आमच्या दोन खाचरांच्या बांधावरून जात होती. बांध तो केवढा, हातभर रुंद. माणसं जायची तोवर ठीक. मग बैल गेले, डोक्यावर भारे घेऊन बाया गेल्या, समोरून कुणी आलं की एकाला खाचरात उतरावं लागायचं. लावणी नुकतीच झालेली. आठ-पंधरा दिवसांत बांध ढासळला, खाचरातलं पाणी निघून गेलं आणि रोपं चिखलात तुडवली गेली. बाप एक शब्द बोलला नाही. अडवणार कुणाला? शाळेच्या पोरांना? तापाने फणफणलेल्या म्हातारीला चौघे झोळीतून नेत होते, त्यांना?

झोडणी उरकल्यावर देवळात गावकी बसली. साकव नवा बांधायचा विषय होता. तो झाल्यावर गावचा एक म्हातारा पाटील उठला आणि म्हणाला, “वाट समद्यांची व्हती. मंग तूट एकल्याची कशी?” बस, एवढंच. मग ठरलं की घरटी दोन पायली भात आमच्याकडे द्यायचं, आणि ज्यांना जमीन नाही त्यांनी एक दिवस बांध घालायला यायचं. बापाने बांध घालून घेतला. भात मात्र सगळं घेतलं नाही. आपल्या वाटणीचं वजा करून मग घेतलं. म्हणाला, “त्या वाटेनं मीबी गेलोय.”

आज मागे वळून बघतो तेव्हा त्या बैठकीतली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. साकव कुणामुळे वाहून गेला, हे कुणी विचारलं नाही. चूक कुणाची याचा शोध घेतला नाही. चूक कुणाचीच नव्हती, पाऊस पडला होता. तरीही देणं होतं आणि ते गावाने मान्य केलं. त्या दोन पायल्या दंड नव्हत्या, आणि बापाला कुणी दया म्हणूनही दिल्या नव्हत्या.

शहरात गेलेल्या माणसांचा इथेच गोंधळ होतो असं मला वाटतं. कुणाचं नुकसान झालं की आपण पहिल्यांदा दोषी शोधतो. दोषी सापडला तर त्याच्याकडून भरपाई, नाही सापडला तर ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून हात झटकायचे. जणू दोष आणि देणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पण त्या तशा नाहीत. दोष शून्य असला तरी देणं उरू शकतं. ज्या सोयीचा फायदा सगळ्यांनी घेतला तिची किंमत एकाच्या अंगावर पडली, एवढंच देणं लागायला पुरेसं आहे.

आणि या रेल्वेत तर मधल्या माणसाचा हक्क अजून जुना आहे. १९९० साली रोह्याला कोकण रेल्वेची पायाभरणी झाली, आणि १९९८ साली पूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला. या एवढ्याशा काळात काम झालं म्हणून इंजिनिअरांचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण रूळ टाकायला आधी जमीन लागते. ती बेचाळीस हजारांवर जमीनमालकांनी दिली. एखाद्याचं भाताचं खाचर, एखाद्याच्या आंब्याच्या दोन कलमांखालची जागा, एखाद्याचं परसू. ही माणसं कुठली होती? मुंबईची नव्हती, मडगाव किंवा कोचीचीही नव्हती. ती सगळी मधली होती. वाट नेहमी मधल्यांच्या जमिनीवरूनच जाते. टोकाच्या माणसांनी एक वीतभर बांधही दिला नाही, आणि त्यांनी द्यावा असंही कुणी म्हटलं नव्हतं. पण जमीन देताना मधला आणि गाडी देताना मात्र शेवटचा, हा हिशोब देवळातल्या त्या म्हाताऱ्याला पटला नसता.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर मला बरं वाटलं असतं. आम्ही सोसणारे, तुम्ही फायदा घेणारे, असा सरळ लेख झाला असता. पण माझ्या शेताच्या कडेने एक कालवा जातो आणि तो मला तसं थांबू देत नाही.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाणी एवढं, की नको म्हणावं. दिवाळीनंतर मात्र जमीन कोरडी. ओलीवर वाल, पावटा जो येईल तो. पण कालव्याखालच्या जमिनीत आम्ही उन्हाळी भात घेतो. जानेवारीत लावणी आणि वैशाखाच्या उन्हात हिरवंगार शेत. पाहुणे आले की बघत राहतात. हे पाणी येतं कुठून? कुंडलिकेवर डोलवहाळचा बंधारा आहे, तिथून कालवे निघतात. कुंडलिकेला उन्हाळ्यात एवढं पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं म्हणून. आणि भिऱ्याला ते येतं घाटावरून, मुळशीच्या धरणातून.

मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. ती नदी खरं तर पूर्वेची. ती पुण्याला जाऊन मुठेला मिळते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि सगळं पाणी बंगालच्या उपसागराला. टाटांच्या वीज कंपनीने ते अडवलं, पश्चिमेला वळवलं आणि घाटावरून खाली भिऱ्याला सोडलं. १९२७ च्या सुमारास ती वीज मुंबईला जाऊ लागली आणि वापरून झालेलं पाणी आमच्या नदीत येऊ लागलं. म्हणजे हाही एक वळसाच, तोही याच सह्याद्रीवरून. फक्त गाडीच्या जागी नदी वळवली.

आणि या वळशाचे मधले कोण होते? मुळशी पेट्यातले मावळे. त्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. १९२१ साली रामनवमीला त्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात होते आणि त्यासाठी तुरुंगात गेले. शेवटी धरण झालं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, आम्हाला पाणी मिळालं, आणि ज्यांची जमीन गेली ती माणसं धरणाच्या काठाने वर सरकली नाहीतर पांगली.

आमच्या पिढीने त्यांचं काही वाईट केलं नाही. माझा तर जन्मही नव्हता. दोष शोधायला गेलात तर माझ्या अंगावर एक शिंतोडाही उडणार नाही. पण दोष नसला तरी देणं उरतं, असं मी आताच वर लिहिलं आहे. ते माणगावच्या बाईसाठी खरं असेल तर मुळशीच्या शेतकऱ्यासाठीही खरं असलं पाहिजे. रेल्वेच्या फळ्यासमोर मी मधला माणूस आहे, आणि माझ्याच कालव्याच्या काठावर मी टोकाचा माणूस आहे. एकाच दिवशी, एकाच गावात. मला वाटतं, आपण जवळजवळ सगळेच असे आहोत. जिथे सोसतो तिथे आपल्याला हिशोब अगदी पाठ असतो, आणि जिथे मिळतं तिथे ते पाणी आपोआप आल्यासारखं वाटतं.

म्हणून बापाने आपल्या वाटणीचं भात वजा केलं त्याचा अर्थ मला आता कळतो. मागणाऱ्यानेही आधी स्वतः कुणाच्या बांधावरून चालतोय ते बघावं. बघितल्यावर मागणं सोडायचं नाही, पण नीट मोजून मागायचं.

मग मोजून काय मागायचं? पैसे मला नकोत, आणि रद्द गाडीच्या तिकिटाचे परत मिळतात ते वीस-तीस रुपये म्हणजे काही देणं फिटणं नव्हे. मी तीन गोष्टी मागेन.

पहिली, खरं आणि वेळेवर सांगा. लांबच्या प्रवाशाला मोबाइलवर निरोप जातो. लहान स्टेशनावरच्या माणसालाही त्याच्या भाषेत, मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा सांगा की गाडी आज येणार नाही आणि बहुतेक उद्याही येणार नाही. वाट बघायला लावणं हेही एक नुकसानच आहे, आणि रोजावर जाणाऱ्या माणसाला त्याचा दर नेमका माहीत असतो.

दुसरी, जिथे गाडी फिरू शकत नाही तिथे दुसरं चाक फिरू द्या. लांबच्या अडकलेल्या प्रवाशांसाठी एसट्या मागवतात तशा मधल्या स्टेशनांसाठीही त्याच तिकिटावर मागवा. चार गाड्या कमी पडतील हे मान्य. पण मागवल्याच नाहीत आणि मागवून कमी पडल्या, यात फरक आहे.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. कालव्याचं पाणी सोडताना जाणती माणसं सांगतात, की पाळी टेलापासून सुरू करा. ज्याचं शेत सगळ्यात शेवटी त्याला पहिलं पाणी, आणि मग वर वर या. कारण वरच्याला कसंही पाणी मिळतंच, येताजाता मिळतं. शेवटच्याला पहिलं दिलं नाही तर त्याला कधीच मिळत नाही. आमच्या कालव्यावर हे दरवर्षी पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. त्यावरून भांडणं होतात, रात्री दारं फोडली जातात. पण न्यायाची रीत कुठली, याबद्दल भांडणाऱ्यांच्याही मनात शंका नसते.

रेल्वेनेही वाट उघडल्यावर तेच करावं. दरड काढली, खडी भरली, रूळ सरळ केले, इंजिन चालवून बघितलं, की त्या वाटेवरून पहिली प्रवासी गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबणारी सोडावी. यात रेल्वेचा तोटाही फार नाही. नव्या भरावावरून पहिले काही दिवस कुठलीच गाडी जोरात नेता येत नाही, तिथे सगळ्यांनाच बैलगाडीसारखं जावं लागतं. मग जी गाडी मुळातच सावकाश आणि थांबत जाते तिला आधी जाऊ द्यायला काय हरकत आहे? फिरून जाणाऱ्या गाड्या अजून एक दिवस फिरून गेल्या तर त्यांचे प्रवासी उशिरा का होईना पोचतीलच. ज्याच्यासाठी वळसा नव्हता त्याला सरळ वाट तरी पहिली मिळावी.

आणि माझ्याकडून देण्याचं काय? मुळशीच्या त्या शेतकऱ्याला घरटी दोन पायली नेऊन द्यायला तो आता राहिला नाही. त्याची नातवंडं कुठे आहेत मला माहीत नाही. पण त्याचं पाणी अजून माझ्या शेतात येतं. ते रात्रभर उघडं सोडून ओढ्याला जाऊ न देणं, टेलाच्या माणसाची पाळी आली की आपलं दार मुकाट्याने लावून घेणं आणि पोरांना विचारल्यावर ‘कालव्याचं पाणी’ एवढंच न सांगता ते कुणाच्या खाचरावरून आलं आहे हेही सांगणं, एवढं माझ्या हातात आहे. देणं एवढ्याने फिटत नाही. पण ते आहे हे तरी घरात माहीत राहतं. यंदा उन्हाळी लावणीच्या आधी दार नवं बसवायचं आहे. जुन्यातून पाणी झिरपतं.